चौकटीबाहेर राहिलेली अट

मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा रोज पुसला जातो. लिहिलेले पुसले जाते म्हणून त्याला वाईट वाटत असेल, असे तुम्हाला वाटेल. मी मात्र एक जुना हिरवा फळा आहे, ज्याच्या उजव्या कोपऱ्याला कित्येक वर्षांत ओला स्पंज लागला नव्हता, आणि त्याच कोपऱ्याने माझी झोप उडवली होती.

मी लाकडाचा नाही. पोलादाच्या पत्र्यावर काचेची पूड चढवून मला भट्टीत भाजले. नंतर जर्मनीतल्या येना या गावी आणून एका संशोधन संस्थेत बसवले. हे भिंगे आणि दुर्बिणी बनवणाऱ्यांचे गाव. संस्थेच्या तळमजल्यावर प्रयोग चालतात. वर माझ्या खोलीत नुसते गणित चालते. इथली माणसे रेणूंना हात लावत नाहीत. रेणू कसे वागतील ते खडूने मांडून आधी सांगतात. त्याला कोणी भौतिकशास्त्र म्हणते, कोणी रसायनशास्त्र. मला दोन्हींचा खडू सारखाच लागतो.

माझे चांगले दिवस हेनेबर्ग सरांच्या काळात गेले. सर एका हाताने लिहीत आणि दुसऱ्या हातातल्या ओल्या स्पंजाने पुसत. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून माना डोलवत. सरांचा कोट माझ्या शेजारच्या खुंटीवर लटकत असे. ही खुंटी लक्षात ठेवा.

एके दिवशी सरांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात एक सूत्र चौकटीत लिहिले. दोन रंगीत रेणू शेजारी आले की एकमेकांवर किती परिणाम करतात आणि त्यामुळे त्यांचा रंग किती सरकतो, हे त्यावरून काढता येई. त्यासाठी सरांनी प्रत्येक रेणूला एक ठिपका मानले होते. त्यात काही गैर नाही. समोरच्या खिडकीतून टेकडीवर चालणारी माणसे मला दिसतात. तीही ठिपकेच वाटतात. सरांनी चौकटीबाहेर बारीक अक्षरात अटही लिहिली: रेणू आपल्या लांबीपेक्षा खूप दूर असतील तरच. मग चौकटीवर मोठ्या अक्षरात लिहिले, 'बिट्टे निष्ट विशेन', म्हणजे कृपया पुसू नये. सर कोट घ्यायला वळले, कोट चढवला, आणि त्यांच्याच बाहीने ती अट पुसली गेली. त्यांना कळलेही नाही. थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले.

चौकट राहिली. नवे लोक आले, त्यांनी ती उतरवून घेतली, संगणकात भरली. सरांची आठवण म्हणून कोपऱ्याला कोणी हात लावेना. अट काय होती हे मला ठाऊक होते, पण फळ्याला तोंड नसते. ते अर्धवट सूत्र वापरायला कोणी जवळ आले की मला धडकी भरे.

गेल्या वर्षी नाशिकची क्रांती या खोलीत आली. शांत मुलगी. ओळ लिहून झाली की दोन पावले मागे जाऊन पुन्हा वाचणारी. खालच्या प्रयोगशाळेत नांदेडचा यशपाल काम करतो. तो रंगीत रेणूंचे पातळ थर बनवतो आणि त्यांचा रंग मोजतो. एका शुक्रवारी दुपारी, संस्था रिकामी होत असताना, तो वर आला.

"काय म्हणते तुमची चौकट?"

"तेच. तू मोजलास त्याच्या दुप्पट रंग सरकायला हवा."

"दिवा बदलला, काच बदलली, परत परत मोजलं. आता फक्त मला बदलायचं राहिलंय."

"दादा, असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? सोमवारच्या बैठकीत सांगायचंय की माझं मापन चुकलं, पेपर मागे घेतो. वर्षभराचं काम गं! आल्झो, म्हणजे रेणू खोटं बोलतात आणि फळा खरं!"

मित्रांनो, तेव्हा मला किंचाळावेसे वाटले. त्याचे मापन खरे होते आणि माझ्या अंगावरच्या अर्धवट ओळीमुळे तो ते खोटे ठरवायला निघाला होता.

क्रांती म्हणाली, "मला एकदा नीट सांग, तुझ्या थरात रेणू बसलेत कसे?"

यशपालने दोन अख्खे खडू उचलले आणि शेजारी शेजारी माझ्यावर टेकवले. मध्ये जेमतेम बोट जाईल एवढीच जागा. "असे. लांबट, आणि पुड्यातल्या अगरबत्त्यांसारखे खेटून."

"इतके जवळ?"

"गेनाऊ, अगदी इतके! तुला काय वाटलं, एक इथे आणि एक त्या टेकडीवर?"

क्रांतीने खिडकीबाहेर पाहिले. मग खडूंकडे, मग चौकटीतल्या ठिपक्यांकडे.

"मग यांना ठिपका कसं म्हणायचं?" ती हळूच म्हणाली.

"मला काय विचारतेस? ठिपके तुमचे."

"ठिपका कधी धरायचा याला काहीतरी अट असणार. सर ती लिहायला विसरतील?" तिने चौकटीभोवतीची जागा निरखून पाहिली. तिथे काहीच नव्हते. तिने स्पंज भिजवला.

"ए, ते नाही पुसायचं! सगळे खवळतील."

"फोटो सगळ्यांकडे आहेत. पण फोटोत नुसतं उत्तर आहे. ते आलं कसं, ते मला बघायचंय."

तिने स्पंज कोपऱ्याजवळ आणला. इतकी वर्षे मी याच क्षणाची वाट पाहिली होती, तरी आता मला भीती वाटली. हिचे काही चुकले तर? मग पाणी आले, आणि कोपरा गार झाला.

क्रांतीने पहिल्यापासून मांडले. प्रत्येक रेणूचा एक ठिपका न करता तिने त्याचे लहान लहान तुकडे कल्पिले. एका रेणूच्या प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर होणारा परिणाम काढला आणि सगळ्यांची बेरीज केली. यशपाल टेबलावर बसून अंतरे वाचून दाखवत होता. शेवटची बेरीज झाली तेव्हा ती दोन पावले मागे गेली.

"किती?" त्याने विचारले.

"चौकटीतल्याच्या निम्म्याच्या आसपास. तुझ्या आकड्याजवळ."

यशपाल टेबलावरून उतरून माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "परत कर."

"काय?"

"जुळलं म्हणून सोडायचं नाही. मला मोजायला लावलंत ना परत परत?"

ती हसली. तिने तुकडे वेगळ्या तऱ्हेने पाडून पुन्हा बेरीज केली, उत्तर तेच. मग गणितातच दोन्ही रेणू एकमेकांपासून खूप दूर नेले. तेव्हा सरांचे सूत्र जसेच्या तसे हाती आले. ते तिने पुन्हा चौकटीत लिहिले, आणि शेजारी लिहिले: रेणू आपल्या लांबीपेक्षा खूप दूर असतील तरच. हस्ताक्षर वेगळे, पण जागा तीच. चौकटीच्या बाहेर. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

सोमवारी बैठकीला हेनेबर्ग सरही आले. नवे अक्षर पाहून सगळे माझ्याजवळ सरकले. क्रांतीने खाली मान घालून सगळे समजावले. यशपालने आपला आलेख पुढे ठेवला. सर चष्मा वर सारून बराच वेळ वाचत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ही अट मी लिहिली होती. कोणी पुसली?"

उत्तराची वाट न पाहता सर यशपालकडे वळले. "पेपर मागे घेऊ नका. पण तो थर मला दाखवा. चला."

त्यांनी खुंटीवरचा कोट काढला आणि एक हात आत घातला.

"हेर प्रोफेसर, बाही!" क्रांती आणि यशपाल एकदम ओरडले.

बाही अक्षरांपासून केसभर अंतरावर थांबली. सरांनी बाहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. अट कोणी पुसली ते त्यांना उमगले. कोट खाली ठेवला, खडू घेतला, आणि चौकटीची रेघ पुढे ओढत अट आत घेतली.

मित्रांनो, तुमच्या वहीतही चौकटीतली सूत्रे असतील. ती कधी लागू पडतात हे त्याच चौकटीत लिहीत जा, आणि अधूनमधून सगळे पुसून पुन्हा मांडून पाहा. पुसल्याने आम्ही झिजत नाही.

काळजी मात्र संपत नाही. आता थंडी पडू लागली आहे. जाड बाह्यांचे कोट येऊ लागले आहेत, आणि खुंटी अजून माझ्या शेजारीच आहे. कोणीतरी तेवढी खुंटी समोरच्या भिंतीवर न्या.