गाळणीतला चुरा

माझ्या धाकट्या भावाला लोक साधा म्हणतात. साधा कसला, अर्क आहे नुसता. उभा जन्म बस चालवली, वाटेत उतरावं लागू नये म्हणून पाणी प्यायला नाही, आणि मुतखड्यापायी एक किडनी घालवून बसला. उरलेल्या एकुलत्या एका किडनीतही खडा निघाला, तेव्हा मात्र मी त्याला बखोट धरून दवाखान्यात नेलं.

"कापाकापी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशीनने बाहेरून धक्के देऊन खडा फोडू. चुरा लघवीतून पडेल. तो वाटेत अडकला तर हीही किडनी जाईल. रोज लघवी गाळून बघा. चुरा दिसला नाही तर लगेच या."

धक्के खाऊन तो पांढराफटक पडून बाहेर आला. "ताई, पुन्हा त्या टेबलावर मी नाही चढणार," म्हणाला.

मी जुनी चहाची गाळणी न्हाणीघरात टांगली. सुरुवातीला काहीच पडेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग एका सकाळी जाळीत करडे कण दिसले आणि मी चक्क रडले. नंतर रोजच दिसायला लागले. मी ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवायची, आल्यागेल्याला दाखवायची. तपासणीची तारीख आली तर हा म्हणतो, "चुरा पडतोय ना? मग कशाला उगाच हेलपाटा." मलाही पटलं. पटणारच, डोळ्यांनी बघत होते ना.

त्याचं तोंड सुजलं, थंडी वाजून ताप भरला, तेव्हा बाटलीसकट त्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी कण तळहातावर ओतून बोटाने चोळले.

"ही वाळू आहे हो," त्या म्हणाल्या. "कुंडीतली असावी."

खरा चुरा आत मूत्रनळीत ठासून बसला होता. लघवी जवळजवळ बंद होती आणि हा कळा गोळ्या गिळून दाबत होता. पाठीतून नळी घातली तर नुसता पू आला. किडनी गेली ती गेलीच. आता जन्मभर डायलिसिस.

"का रे केलंस असं?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "पहिल्यांदा त्या टेबलाच्या धास्तीने गाळणीत वाळू टाकली. मग तू बाटली घेऊन शेजारीपाजारी दाखवत सुटलीस. किती दिवसांनी हसत होतीस, ताई. सांगू कसं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुस्काटात द्यायला हात उचललासुद्धा. पण त्या सुजलेल्या तोंडावर मारू कुठे? मी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि आम्ही दोघं, पन्नाशी उलटलेली माणसं, वॉर्डभर ऐकू जाईल असे रडलो.