बान आजोबांचा डावा डोळा

डॉ. नाम यांनी बोथट सुईचं टोक डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात अलगद सरकवलं आणि मिठाच्या पाण्याची पिचकारी दाबली. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या बान दोक-ग्यूंनी आवंढा गिळला.

"खारट लागलं," ते म्हणाले.

म्हणजे वाट मोकळी होती. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी त्यांची डावी अश्रुनलिका कित्येक वर्षं बुजलेली होती. गेल्या वर्षी डॉक्टरबाईंनी नाकाच्या हाडातून तिला नवी वाट करून दिली. उजवा डोळा पहिल्यापासून ठणठणीत. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

देजोनच्या स्टेशनामागे त्यांचं हाताने कापलेल्या शेवयांचं दुकान होतं. डावा डोळा दिवसभर गळायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, बानसाहेब, सुपात मीठ टाकू नका, तुमचंच पुरे आहे. तेही हसायचे आणि बाहीने गाल पुसायचे. बायको गेली त्या दिवशी मात्र मेहुणीने चारचौघांत ऐकवलं, "भावजी अर्धेच रडताहेत." डावा डोळा रोजच्यासारखा वाहत होता, उजवा कोरडा होता. ते आलेल्या माणसांना जेवण वाढत राहिले.

डॉक्टरबाईंनी सुई ठेवली आणि त्या टेबलाशी बसल्या. आपण शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं, याचा अभ्यास त्या करत होत्या. नियम त्यांनीच घातला होता आणि तो कडक होता: डोळा कितीही छान दिसो, पाणी एकदा जरी गालावर ओघळलं असेल, तर ती शस्त्रक्रिया फसली असं धरायचं.

"गेल्या भेटीनंतर पाणी ओघळलं का, आजोबा?"

"ओघळलं. एकदा."

भिंतीशी उभी असलेली त्यांची मुलगी सू-ह्ये पुढे आली. वारा लागला असेल, धूळ गेली असेल, असं काहीबाही ती सांगू लागली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "आप्पा, एकदाचं काय सांगत बसायचं? डॉक्टरांच्या कामाला उगाच बट्टा."

"तू तुझे उंदीर लपवलेस का?"

सू-ह्ये पुन्हा सरळ उभी राहिली.

ती औषधं शोधणाऱ्या एका संस्थेत काम करायची. तान्ह्या मुलांच्या छातीत घर करणाऱ्या एका विषाणूवर तिच्या गटाने एक रेणू तयार केला होता. काचेच्या बशीत त्याने विषाणूला रोखून धरलं, पण उंदरांची यकृतं बिघडवली. तिने तो बाजूला ठेवला, पुन्हा पहिल्यापासून बांधत आणला आणि आता नव्या रेणूला माणसांवर चाचणी घेण्याची परवानगी मिळाली होती. मागच्या आठवड्यात भरल्या सभागृहात तिने हे सगळं मांडलं. उंदरांचं शेवटी, ओझरतं सांगून टाक, असं वरिष्ठांनी सुचवलं होतं. तिने सुरुवातच त्यापासून केली. आम्ही इथे चुकलो, ती म्हणाली, आणि मेलेल्या उंदरांचे आकडे पडद्यावर आणले.

आप्पा मागच्या रांगेत होते, लग्नाकार्यात घालायचा कोट घालून. त्यांना त्यातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण हे कळलं. भाषण संपल्यावर पांढऱ्या केसांचे प्राध्यापक तिला प्रश्न विचारायला रांगेत उभे राहिले, तेही त्यांनी पाहिलं. घरी जाताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले होते, "तुझा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता."

डॉ. नाम मात्र विचारात पडल्या होत्या. पाणी तर आत्ता सरळ घशात उतरलं. वाट बुजत चालली असती तर ते उलटून डोळ्यात आलं असतं.

"कुठे होतात तेव्हा?"

"हिच्या सभागृहात."

"गार हवेचा झोत होता तोंडावर?"

"छे. उकडत होतं."

"बरं. डाव्या डोळ्यातून साधारण किती आलं? नुसता कोपरा ओला झाला, की गालापर्यंत?"

बान आजोबांनी जरा आठवून पाहिलं. या बाबतीत त्यांना चुकीचं काही सांगायचं नव्हतं.

"दोन्हीकडून सारखंच आलं, डॉक्टर. हनुवटीपर्यंत."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. त्यांनी आधी आजोबांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं, मग सू-ह्येकडे. सू-ह्ये खुंटीवरचा आप्पांचा कोट काढायला वळली होती आणि तो हातात घेऊन तिकडे तोंड करूनच उभी राहिली.

"लिहा तुम्ही," बान आजोबा म्हणाले. "नियम तो नियम."