अप्पांच्या मशीनची धार

मासळीघर म्हणून गल्लीत ओळखल्या जाणाऱ्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शोभेच्या माशांच्या टाक्यांमधल्या अरुंद वाटेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, मागचे टाचा उंचावत होते. समोरच्या भिंतीवर दुकानमालक अप्पांचं पाणी गाळायचं आरओ मशीन, आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरलेला, स्वतःला जलयोगी म्हणवणारा बाबा.

"सोड! अडकलेला श्वास सोड!" तो गरजला. "कुटुंब वाट बघतंय, मालक!"

चेल्यानं बटण दाबलं. पंप घुरघुरला. आणि काल संध्याकाळपर्यंत ज्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं, तिच्यातून चांगली धार बादलीत पडू लागली.

"आले! अप्पा आले!" कुणीतरी ओरडलं. अप्पांच्या बायकोनं हुंदका देत हात जोडले.

थोरली, अप्पांची मोठी लेक, मागे डिस्कस माशांच्या टाकीपाशी उभी होती. आईच्या फोननंतर रात्रभर प्रवास करून ती नुकतीच येऊन पोचली होती. महिन्यापूर्वी बाप गेला. रडायला अजून सवड मिळाली नव्हती, आणि इथे कुणी एक लबाड तिच्या बापाला हाका मारत होता, त्याच्याच दुकानात.

नळाचं पाणी क्षारांचं. डिस्कससारख्या नाजूक माशांना ते मानवत नाही, म्हणून अप्पा या मशीनमधून ते गाळून घेत. आतल्या अतिबारीक पडद्यातून पाणी दाबानं पलीकडे जायचं, क्षार अलीकडे राहायचे. अप्पा गेले, पाठोपाठ थंडी पडली, आणि मशीनची धार आटत गेली. "ते गेले, आणि यानंही अन्नपाणी सोडलं," असं आई येईल त्याला सांगायची. ते जलयोग्याच्या कानावर गेलं आणि त्याला धंदा सापडला. अप्पांचा जीव मशीनमध्ये अडकलाय म्हणे. तो मोकळा झाला की आईनं फक्त हेच पाणी प्यायचं. हृदयाच्या गोळ्या बंद. गोळ्यांची डबी कालच चेल्याच्या झोळीत गेली होती.

"आई, डबी परत घे," थोरली मघाशी कानात म्हणाली होती.

"आधी धार बघ, मग बोल," आई म्हणाली होती.

आता धार दिसत होती. थोरलीनं मान फिरवली ती फक्त ती धार बघवेना म्हणून. आणि तिला मासे दिसले. ताटलीसारखे गोल, अप्पांचे लाडके डिस्कस काळवंडून तळाशी पडले होते, पर अंगाला चिकटवून. तिनं काचेवर तळवा टेकला. काच बर्फासारखी. आत हीटर नव्हता. त्याला धरून ठेवणाऱ्या दोन रबरी चकत्या तेवढ्या काचेला चिकटून होत्या.

तिनं कोपऱ्यातल्या ड्रमकडे पाहिलं. पंप त्यातूनच पाणी ओढत होता. चेल्यानं काल संध्याकाळी 'पावित्र्यासाठी' त्याच्यावर चादर टाकली होती आणि सकाळपर्यंत कुणी फिरकू नका, असं बजावलं होतं. चादरीखालून एक वायर निघून भिंतीकडे गेली होती.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"हात लावू नकोस, पोरी! भस्म होशील!"

"बघू या," ती म्हणाली, आणि तिनं चादर ओढली. बाही वर सारली, कोपर पाण्यात बुडवलं. कोमट. तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी इतपत कोमट.

"मालकांची ऊब आहे ती, ताई," जलयोगी आवाज मऊ करून म्हणाला. "लेकीला नाही कळणार तर कुणाला?"

तिनं ड्रममध्ये लोंबणारी वायर धरली, आधी प्लग काढला आणि वायरीच्या टोकाचा काचेचा हीटर सगळ्यांसमोर वर उचलला.

"ही ऊब?"

शेजारचा शिंपी खाकरला. "माझ्या इस्त्रीलाही वायर आहे बुवा. अजून तरी कुणाचा आजोबा निघाला नाही तिच्यातून."

हशा पिकला. "श्रद्धेची थट्टा!" चेला किंचाळला.

"थट्टा तुम्ही केलीत," थोरली म्हणाली. "गार पाणी दाटसर होतं, त्या पडद्यातून सरकायला कुरकुर करतं. कोमट केलं की झपझप सरकतं. अप्पा थंडीत रोज सकाळी यात ऊन पाणी मिसळायचे, कोपरानं बघायचे. त्यांच्यामागे कुणी मिसळलं नाही, म्हणून धार आटली. एवढंच." तिनं नळाच्या गार पाण्यानं बादली भरली, पंपाची नळी ड्रममधून काढून तिच्यात सोडली. "म्हणा आता मंत्र. घसा फुटेस्तोवर म्हणा."

जलयोग्यानं मंत्र म्हटला. आधी मोठ्यानं, मग डोळे मिटून. धार बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि थेंबांवर आली.

"वातावरण बिघडवलंस," तो पुटपुटला.

"पाणी गार झालंय," शिंपी म्हणाला.

आई पुढे आली. तिनं ड्रममध्ये आपलं कोपर बुडवलं आणि तशीच उभी राहिली. "हे असंच करायचे ते," ती चेल्याकडे वळून म्हणाली. "मीच सांगितलं तुला. रडत रडत सांगितलं, की थंडीत ते पाण्यात कोपर घालून बसायचे, का ते मला कधी कळलं नाही. आणि तू... त्यांचीच युक्ती घेऊन त्यांनाच माझ्यापुढे नाचवलंस?" तिनं हात पुढे केला. "माझ्या गोळ्या आण."

डबी निघाली. दोघं गर्दीतून वाट काढत निघाले. त्यांच्यामागून काही माणसं थोरलीला बोल लावत गेली; बाईला जरा दिलासा मिळत होता तोही हिनं काढून घेतला, असं एक म्हातारी म्हणाली.

थोरलीनं ते ऐकलं. हीटर डिस्कसच्या टाकीत परत बसवत ती म्हणाली, "आजी, बाप माझाही गेलाय. तो या मशीनमध्ये असता तर मी जन्मभर इथून हलले नसते. तो नाही. माझी आई आहे, आणि तिच्या गोळ्या बंद केल्या असत्या तर तीही राहिली नसती. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर चादर उचला, वायर कुठे जाते ते बघा. न कळलं तर विचारा. खरा असेल त्याला विचारल्याचा राग येणार नाही."

आईनं गोळी तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायलं. मग बाही वर सारत म्हणाली, "ऊन पाणी किती मिसळायचं, ते दाखव मला."