आप्पा माझ्याकडे बघून हसत नसत

मी एक जुना टीव्ही आहे. पुढून काच आणि मागून हे भलंमोठं कुबड, असा जाड्या जमान्यातला. भवानी पेठेत यशपालच्या घरी, लोखंडी कपाटाशेजारी माझी जागा आहे. अजून तरी आहे.

मित्रांनो, कारखान्यात माझे भाग कसे जोडले ते सांगत बसत नाही. त्यात काही राम नाही. मला काळजी लागली आहे ती यशपालच्या वडिलांची, नागनाथआप्पांची. आप्पांनी उभा जन्म चादरीच्या कारखान्यात मागावर काढला. तिथला खडखडाट असा, की शेजारी माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. कामगार एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे बघूनच बोलतात. आप्पा त्यात पटाईत. त्या खडखडाटात हळूहळू त्यांचे कान गेले, पण त्यांनी घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. एकदा घरात कोणी नसताना मला पुसता पुसता म्हणाले, "बहिरा म्हटलं की लोक बोलायचंच सोडत्यात." बोलायला मीच सापडलो त्यांना!

तेव्हा माझा थाट होता. जेवणं झाली की आप्पांची बायको नागूबाई, यशपाल, सून शुभदा, नात बुद्धप्रिया, सगळे माझ्यासमोर चटईवर. शेजारचा ईरप्पाही यायचा. मग विनोदी कार्यक्रम लागायचा. खरं सांगू? त्यातले निम्मे विनोद मला स्वतःला आवडत नसत. पुरुषानं साडी नेसून मान वेळावली की झाला विनोद! जाड बाईला हिणवलं की दुसरा झाला! वर ते कार्यक्रमातच भरून ठेवलेलं डब्यातलं हसू. छे! पण घर पोट धरून हसायचं, आणि आप्पा मांडीवर थाप मारून सगळ्यांत मोठ्यानं.

गंमत अशी, की आप्पा समोर बसतच नसत. ते माझ्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसत. नागूबाई म्हणायच्या, "अवो, तिथनं काय दिसतंय तुमाला?" तर म्हणायचे, "हितं वारं लागतंय." कसलं वारं! ते बुद्धप्रियाच्या तोंडाकडे बघत. ती हसली की मागोमाग हे हसले.

गाण्यांवरही त्यांचं ठाम मत. हात माझ्या कुबडावर असायचा. ठोका हाताला लागला की गाणं पास. हळुवार गाणं आलं की, "ह्येच्यात दम न्हाय!" ईरप्पा लोळायचा हसून. "आप्पा, ह्या वयात डीजे आवडतोय की तुमाला!"

पुढे घरात प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि कानात इयरफोन. मी चालू असायचो, पण बघायचं कोणी नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आप्पांची तर पंचाईतच झाली. एक हसतोय, दुसरी कपाळाला आठ्या घालून बसलीय. बघायचं कोणाच्या तोंडाकडे?

परवा माझ्यावर बातम्या लागल्या होत्या. कुठेतरी भिंत पडून माणसं दबली होती. बुद्धप्रिया आपल्या मोबाईलमध्ये काहीतरी बघून खुदकन हसली. झालं! आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि खो खो हसले.

यशपाल खाली वाकून बूट घालत होता. तो तसाच ओरडला, "आप्पा, माणसं मेलीत तिथं, आन तुम्ही हसताय?"

आप्पा हसतच म्हणाले, "लई भारी हाय!"

मग शुभदा हळूच म्हणाली, "आप्पांचं डोकं चालंना झालंय. दिवसभर टीव्ही, टीव्ही." त्यांचं डोकं शाबूत आहे हो, कान गेलेत! असं ओरडावंसं वाटलं मला. पण माझ्या तोंडून त्या वेळी काय निघालं? साबणाची जाहिरात!

आज सकाळी यशपालनं माझी वायर भिंतीतून उपटली. पाठमोराच म्हणाला, "आप्पा, ह्याला भंगारात देतोय. तुमच्या डोक्याला तेवढाच आराम. चालंल न्हवं?" आणि वळून मायेनं हसला. आप्पांना ते हसूच तेवढं दिसलं. "व्हय की, व्हय की," म्हणत तेही हसले.

माझं काय, मी जातो. माझं वय झालंच आहे. पण आप्पांशी आता कोण बोलणार? घरानं त्यांना वेडं ठरवलंय.

एवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची खणखणीत हाक आली. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आप्पांची तेवढी वळली नाही. बुद्धप्रियानं ते पाहिलं. ती उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आप्पा!" मग आणखी मोठ्यानं, "आप्पा!"

आप्पा समोरच्या रिकाम्या चटईकडे बघत बसून राहिले.

पोरीनं कानातले इयरफोन काढले. तिचे डोळे भरून आलेत. मित्रांनो, मला न्यायचं तर खुशाल न्या. पण पोरी, आधी त्यांच्या पुढ्यात येऊन बस, तुझं तोंड त्यांना दिसू दे, आणि मग बोल.