विहिरीवर कोण होतं

सोनमने तांब्या दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि एका दमात अर्धा रिकामा केला. पाण्याला जंतुनाशक पावडरीचा उग्र वास होता.

“लय तान लागली हुती वाटतं पोरीला,” मल्हारची आजी साळूबाई म्हणाली.

तहान कसली? जतच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या सोनमने आख्खी बाटली संपवली होती. पण हा तांब्या पिण्यासाठीच ती साताऱ्याहून एवढ्या लांब आली होती. ती आणि मल्हार तिथल्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला. लग्न करायचं दोघांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं. दोघंही धनगराचीच, तेव्हा घरी फारसं कुणी आडवं येणार नाही असा तिचा अंदाज. पण मल्हारच्या गावाचं नाव ऐकलं आणि तिचे वडील भाऊसो भरल्या ताटावरून उठले.

माणमधल्या त्यांच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. फार पूर्वीच्या एका मोठ्या दुष्काळात सोनमचे पणजोबा गुंडा मेंढरं घेऊन या गावच्या विहिरीवर आले. गावाने मेंढरांना पाणी पाजू दिलं नाही. पुढच्या माळावर सत्तर मेंढरं तडफडून मेली. तेव्हापासून घराण्यातलं कुणी या गावचं पाणी पीत नाही, की इथे लेक देत नाही.

“त्या हिरीचं पानी तुज्या घशाखाली उतारलं, तर खुशाल लगीन कर,” भाऊसो म्हणाले होते. “मी आडवा येनार न्हाई.”

ते उतरणार नाही, याची त्यांना खात्री होती. आणि उतरलं की! सोनमला एकदम हलकं वाटलं. तरी तिने विचारून घेतलं.

“आज्जी, हे हिरीचंच पानी न्हवं?”

“हिरीचंच की. टँकर सकाळीच सोडून गेलाय हिरीत.”

आता आली का पंचाईत! टँकरचं पाणी विहिरीत पडलं की विहिरीचं होतं, की टँकरचंच राहतं? सोनमने तो विचार झटकून टाकला. घशाखाली गेलं ते गेलं.

“आज्जी,” ती म्हणाली, “मी माणच्या गुंडा धनगराची पणती. तुमच्या गावानं ज्येची मेंढरं तानंली हाकलली, त्येची. माज्या मनात कायबी न्हाई, तेवढं सांगाया आले.”

हे बोलणं तिने एसटीत दहा वेळा घोकलं होतं. साळूबाई भिंतीचा आधार घेत उठली, तिच्यासमोर आली आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवून बघू लागली.

“गुंडाबाची पणती? आन हाकलली म्हनून कुनी सांगितलं तुला? आगं, हिरीत हंडा-दोन हंडे पानी उरलं हुतं. गुंडाबा म्हनला, तुमची पोरं पिऊ द्यात, मेंढरं म्होरं बगत्याल. आन गेला तसाच. म्होरल्या माळावर सत्तर मेंढरं मेली त्येची. त्येच्यामुळं ह्ये घर जगलं, बाय.”

दाराला टेकून उभा असलेला मल्हार सरळ झाला.

“म्हंजी जत्रंला आपुन पयलं पान वाढतो, त्यो गुंडाबा? मला वाटायचं कुनीतरी देव हाय.”

“देवच की. पर आदी भाऊ. ह्या घरचा भाऊ.”

सोनम गोंधळून खाली बसली. सत्तर मेंढरं दोन्हीकडे मेलेली. बाकी काही म्हणजे काही जुळत नव्हतं. तीन पिढ्या ज्याचा अपमान उगाळत बसल्या, त्याला इथे दर वर्षी पहिला घास. भाऊसो खोटं बोलणारे नव्हते. आणि ही म्हातारी तरी कशाला खोटं बोलेल?

साळूबाईने करंडा आणला. सोनमच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावताना ती म्हणाली, “आमची लेक घरी आली. आन तू रं, उबा काय ऱ्हायलास? भैनीला बसाया घोंगडं टाक.”

मल्हारचा चेहरा खर्रकन उतरला.

“आज्जे, मी हिच्यासंगं लगीन करनार हाय. म्हनून तर आनलीया.”

“आरं माज्या कर्मा! भावकीत लगीन लागतंय व्हय? ज्येला भाऊ म्हनून पान वाढलं, त्येचीच लेक सून करू? न्हाई व्हायाचं बाबा ते.”

सोनमला हसावं की रडावं कळेना. ती कंबर कसून आली होती ती वैर मोडायला. वैर असतं तर भांडता आलं असतं. मायेशी भांडायचं कसं? खरं सांगायचं तर तिला पणजोबांचाच राग आला. एवढं चांगलं वागायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

मग तिला एक सुचलं.

“आज्जी, त्यो भाऊ कुनाचा? ह्या घरच्या गड्यांचा, का बायांचा?”

साळूबाईचा हात करंड्यावरच थांबला. प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता. गड्याच्या भावाची पोर ती बहीण. पण बाईच्या भावाची पोर म्हणजे मामाची पोर, आणि मामाच्या पोरीवर तर या वस्त्यांवर हक्कच सांगतात.

“भाऊ म्हंजी... भाऊ,” साळूबाई चाचरली. “सासूनं तेवढंच सांगितलं. तुमच्याकडं काय सांगत्यात? हिरीवर कोन हुतं तवा?”

भाऊसोंच्या गोष्टीत विहिरीवर नुसतं ‘गाव’ होतं. त्यात माणूस एकही नव्हता. सोनम मल्हारकडे न बघता शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली. आपल्या तोंडून आता काय निघणार आहे, हे तिचं तिलाच धड ठाऊक नव्हतं.

“एक बाई हुती,” ती म्हणाली. “कडंवर ल्योक. ती गुंडाबाला म्हनली, दादा, पोरापुरतं पानी ऱ्हाऊ द्या.”

बोलून झालं आणि तिचे कान तापले. साळूबाईने डोळे बारीक करून सोनमकडे पाहिलं, मग मल्हारकडे, मग पुन्हा सोनमकडे. म्हातारीने आपली थाप ओळखली की तिला खरंच काही आठवतंय, सोनमला काही केल्या कळेना.

“व्हय,” अखेर साळूबाई म्हणाली. “माजी आजेसासू ती. तिचाच भाऊ त्यो. हिरवं लुगडं हुतं तिच्या अंगावर, पदराला फाटल्यालं. सासू सांगायची मला.”