स्वयंपाकघराचं दार

ओरेस्टने विनिपेगमध्ये उभा जन्म बस चालवली, आणि म्हातारपणी त्याला स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार ओलांडता येईना. पार्किन्सन जडला होता. दारापाशी आला की पाय जमिनीला चिकटत. बायको हाल्या वैतागे.

"जिना कसा चढतोस रे मग? भांडी विसळायची म्हटली की बरे खिळतात पाय!"

चालताना मेंदूत काय घडतं, याचा विद्यापीठात अभ्यास चालला होता. तिनेच त्याला तिथे नेलं. डॉक्टर मिरेय नावाच्या तरुणीने त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि तो फिरत्या पट्ट्यावर चालू लागताच समोर स्पंजचे ठोकळे टाकले. ओरेस्टने एकूण एक ठोकळा ओलांडला.

"घरी सोंगं करतोस तर!" हाल्या ओरडली.

"सोंग नाही हो," मिरेयने तिला पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. "समोर काही आडवं दिसलं की यांचा मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. मोकळ्या जमिनीवर ती वाट उघडतच नाही."

गाडीत बसल्यावर हाल्या म्हणाली, "किती बोलले रे मी तुला."

"सवय झालीय."

त्याच संध्याकाळी तिने झाडूचा दांडा दारात आडवा ठेवला. ओरेस्ट तो ओलांडून सरळ आत आला. हाल्याला रडू फुटलं. मग तिने त्याला कांदे चिरायला बसवलं. तो हिवाळा बरा गेला.

मार्चमध्ये बोर्शचं, म्हणजे बिटाच्या सुपाचं, पातेलं घेऊन येताना तिचाच पाय त्या दांड्यावर पडला. खुबा मोडला. ओरेस्ट बाहेरच्या खोलीतून आला आणि दारात थिजला. दांडा घरंगळून टेबलाखाली गेला होता, फोन आतल्या भिंतीवर.

"ये ना रे," ती कण्हत होती.

"येतोय, हाल्या. येतोय."

पाय हलेनात. शेवटी त्याने स्वतःला जमिनीवर लोटून दिलं, सांडलेल्या बोर्शमधून सरपटत गेला आणि वायर ओढून फोन खाली पाडला.

हाल्या परत आलीच नाही. इस्पितळात न्यूमोनिया झाला.

पुढच्या चाचणीसाठी मिरेयचा फोन आला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. "माझ्याच बोलण्यावरून दांडा ठेवलात तुम्ही," ती म्हणाली.

"तुझा दोष नाही, पोरी," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला सांगशील तेव्हा काठी नको म्हणावं. रंगीत पट्टी चिकटवा."

त्याच्या मुलाने या दारातही पिवळी पट्टी लावून दिलीय. ओरेस्ट आत जातो, चहा करतो आणि कांदे चिरायला बसायचा ती खुर्ची सोडून उभ्यानेच पितो.