निळ्या ठिपक्यांचा कोबा

लिंडसे ट्रेझाइझचं गॅरेज शुक्रवारी दुपारी चारनंतर उघडं असायचं, पण तिथे काम होत नसे. वॉलरू गावाच्या मागच्या रस्त्यावरचं पत्र्याचं गॅरेज ते. आत गाड्या उचलायची एक लिफ्ट, अवजारांची भिंत, खडखडणारा जुना फ्रीज आणि फ्रीजभोवती गाद्या फाटलेल्या चार खुर्च्या. शुक्रवारी तिथे डूगल, रेक्स आणि बेवन येऊन बसायचे. डूगल बार्ली पिकवायचा, रेक्स शाळेची बस चालवायचा आणि बेवन काहीच करायचा नाही, त्यामुळे सगळ्यांत जास्त तोच बोलायचा. थंड बिअर, खिमा भरलेल्या कोमट पेस्ट्या आणि एकमेकांची टर. लिंडसे डावा पाय ओढत चालायचा, त्यामुळे त्याच्या डाव्या बुटाची टाच आतून पार झिजली होती. "लेका, त्या टाचेला आता पेन्शन दे," असं डूगल दर शुक्रवारी न चुकता म्हणायचा. अंधार पडायला लागला की तिघं आपापल्या बायकांकडे जायचे.

बायको नोरीन गेल्यापासून लिंडसेला कुणाकडे जायचं उरलं नव्हतं. मुलगी पर्थला. ती फोन करायची, पण तिचं अर्धं लक्ष पोरांकडे असायचं. आठवडाभर गिऱ्हाइकांशी बोलणं व्हायचं ते ब्रेक आणि क्लचबद्दल. खरं सांगायचं तर तो शुक्रवारवर जगत होता, आणि हे त्याने बोलून दाखवलं असतं तर बेवनने पुढे वर्षभर त्याला जगू दिलं नसतं.

या हिवाळ्यात शुक्रवारही विरळ होऊ लागला. रेक्सचे गुडघे धरले, बेवनकडे नातवंडं आली. एकदा तर डूगल एकटाच आला आणि बाटली अर्धी ठेवून उठला. लिंडसेने याचं खापर कोब्यावर फोडलं. त्याच्या बापाने घातलेला सिमेंटचा कोबा तो. ठिकठिकाणी फुटलेला, तेल पिऊन काळा पडलेला. खुर्ची सरकवली की पिठासारखी धूळ उडायची. जागाच अशी असल्यावर माणसं कशाला बसतील? जागा देखणी केली तर बसतील, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा मनाने घेतलं की लिंडसे कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता.

कोब्यावर थर चढवून देणारा सांद्रो शेजारच्या कडिना गावाहून आला. पोरगेलासा, पण कामातला. त्याने नमुन्याच्या फळ्या एका गाडीच्या बॉनेटवर मांडल्या.

"साधा रंग नकोच," तो म्हणाला. "गरम टायर त्याला सोलून नेतात. आधी मशीनने कोबा घासू, मुरलेलं तेल काढू, मग इपॉक्सीचा घट्ट लेप. वरून काचेसारखा थर, उन्हाने पिवळा न पडणारा. तुमच्या दारातून दिवसभर ऊन येतंय."

"टिकेल किती?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"त्यात काय मोठंसं," लिंडसे म्हणाला. "डाग?"

"एक थेंब मुरणार नाही. फडकं फिरवलं की साफ. रंग मात्र हा घ्या." सांद्रोने गडद करड्या रंगाची फळी पुढे सरकवली. "कामाच्या जागेला हाच बरा. मळ दिसत नाही, आणि वरून थोडी बारीक वाळू टाकली की पाय घसरत नाही."

वाळू लिंडसेला पटली. पण त्याची नजर शेवटच्या फळीवर होती. दुधाळ पांढरी, त्यावर निळे ठिपके. नोरीनला स्वयंपाकाचा ओटा नेमका असा हवा होता. तो दरवर्षी "पुढच्या वर्षी करू" म्हणत राहिला होता.

"ही."

"गॅरेजला?" सांद्रोने डोकं खाजवलं. "अहो, यावर प्रत्येक पाऊल दिसेल."

"दिसू दे की. पावलं येऊ तर देत."

घासायच्या मशीनने सगळं खरवडून नेलं. पाळणा रंगवताना नोरीनच्या हातून डबा कलंडला होता, त्याचा हिरवा डागही गेला. तो जाताना लिंडसे मशीन थांबवायला पुढे झाला आणि मग मागे सरला. मग थर वाळेपर्यंत गॅरेज बंद. तो घराच्या मागच्या पायरीवर बसून तिकडे बघत राहायचा. त्या दिवसांत एक माणूस फिरकला नाही. गाडी नाही तर लिंडसेकडे काय काम?

पुढच्या शुक्रवारी त्याने तिघांना आवर्जून फोन केले. तिघंही आले आणि दारातच खिळले. कोबा नुसता झगमगत होता. छताचा पत्रासुद्धा त्यात दिसत होता.

"अरे बापरे," बेवन म्हणाला. "इथे गाड्या दुरुस्त करणार आहेस की लग्नं लावणार आहेस?"

लिंडसे खूश झाला. तेवढ्यात रेक्स कण्हत वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काय करतोस हे?"

"यावर बूट घालून येऊ? आई थडग्यातून उठून येईल माझी."

लिंडसे नको नको म्हणेपर्यंत तिघांचे बूट दाराबाहेर ओळीने लागले होते, एखाद्या घराच्या मागच्या दाराशी लागतात तसे. बेवनचा अंगठा मोज्यातून बाहेर आला होता, आणि त्यावर कुणी विनोद केला नाही. तिघं गुडघ्याला गुडघा लावून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे बसले. बेवनला बाटली कुठे ठेवावी कळेना. डूगल पेस्टीचा चुरा ओंजळीत धरून बसला होता. शिवी हासडायची तर तोही घुटमळला.

"छान झालंय हं," निघताना रेक्स म्हणाला. मयताच्या फुलांबद्दल बोलावं तसं म्हणाला. अजून ऊनही उतरलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी रेक्सला कुठे जायचं होतं, बेवनला बरं नव्हतं. डूगलची चिखलाने माखलेली पिकअप दारासमोर हळू झाली. त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला आणि तो पुढे निघून गेला.

लिंडसे चार खुर्च्यांतल्या एकीवर बसून राहिला. आता त्याच्या ध्यानात आलं. जिथे बूट काढावे लागतात ते घर. माणसं इथे यायची ती घरातून सुटून. त्याने आपल्या हाताने आपली एकुलती एक जागा घर करून टाकली होती, आणि घर तर त्याच्याकडे आधीच होतं, रिकामं. त्याने उठून जळक्या तेलाचा डबा कोब्यावर ओतला. काळं थारोळं झालं. मग ओशाळून फडकं फिरवलं, तर मागे काही उरलं नाही. सांद्रो खोटं बोलला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सकाळपासून पाऊस होता. लिंडसे अंगणातल्या लाल चिखलात गेला, घोटे बुडेपर्यंत उभा राहिला आणि तसाच आत आला. दारापासून रेक्सच्या खुर्चीपर्यंत चालला. परत चिखल, मग बेवनच्या खुर्चीपर्यंत. फ्रीजपर्यंत, लिफ्टपर्यंत, उलटसुलट, धापा टाकत. खुर्च्या वेड्यावाकड्या ओढल्या. दोन बाटल्या उघडून बेसिनमध्ये ओतल्या आणि रिकाम्या तिथेच ठेवल्या. मग तो बसला आणि रस्त्याकडे बघू लागला. हे आपण काय करतोय, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

डूगलची पिकअप आली. हळू झाली. या वेळी थांबली.

डूगल दारात उभा राहिला. टोपीचं पाणी झटकत त्याने कोब्याकडे पाहिलं.

"कोण कोण आलं होतं?"

"सगळेच," लिंडसे म्हणाला. "रेक्स, बेवन. आत्ताच गेले बघ."

डूगल बराच वेळ खाली बघत होता. इकडून तिकडे चिखलाची पावलं, आणि प्रत्येक डाव्या पावलाची टाच आतून झिजलेली.

"बरीच गर्दी झाली म्हणायची."

"झाली थोडी."

डूगलने आपल्या बुटांकडे पाहिलं. शेतातली ढेकळं लगडली होती. तो तसाच आत आला, ढेकळं सांडत थेट फ्रीजपाशी गेला आणि बाटली घेऊन वळला.

"रेक्सच्या खुर्चीत बसतो," तो म्हणाला. "आत्ताच उठून गेलाय ना, ऊब असेल अजून."

तो बसला. खुर्ची थंडगार होती. त्याने पाय लांब पसरले आणि लिंडसेच्या डाव्या बुटाकडे बोट दाखवलं.

"लेका, त्या टाचेला आता पेन्शन दे."